पत्र लिहून पळून गेलेली रुक्मिणी पंढरपुरात येऊन रुसून का बसली?

अर्धा_कप

धागा जरा लांबण लावणारा होणार आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं की आमच्या घरी माझ्या लग्नाचा विषय निघाला की आईचा एक ठरलेला तोडगा असतो, एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण कर. मावशीने केलं होतं, तिचं चार महिन्यांत जमलं वगैरे वगैरे. यावेळी मी वाद न घालता पोथी घेऊन बसले, कारण म्हटलं वाचून तरी बघू काय आहे नेमकं. अठरा प्रसंग, १७१२ ओव्या. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, ही तर घरच्यांनी (म्हणजे भावाने) ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतः मुलाला पत्र पाठवणाऱ्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या देवळातून त्याच्या रथात बसून जाणाऱ्या मुलीची गोष्ट आहे!! आणि हे पुस्तक आपल्याकडे मुलींना कशासाठी वाचायला देतात, तर घरच्यांनी आणलेलं स्थळ पक्कं व्हावं म्हणून. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली अर्थ काढत बसू नकोस, नुसतं वाच.

असो, खरा प्रश्न वेगळा आहे. मागच्या महिन्यात पंढरपूरला गेले होते. लहानपणापासून आरतीत 'वामांगी रखुमाई' म्हणत आलो, म्हणजे ती त्याच्या डाव्या बाजूला उभी असणार ना, पण गाभाऱ्यात तो एकटाच. तिचं देऊळ मागे, वेगळं. रांगेत पुढे एक आजी होत्या त्यांना विचारलं तर सहज म्हणाल्या, रुसलीय ती. आणि मग ती गोष्ट, की द्वारकेत राधा येऊन देवाच्या मांडीवर बसली, हिला राग आला, ही उठून थेट दिंडीरवनात (पंढरपूरच्या रानात) येऊन बसली, देव शोधत शोधत आला आणि मध्येच पुंडलिकाने वीट फेकली म्हणून तिथेच अडकला.

मला दोन्ही गोष्टी आवडतात पण त्या एकाच बाईच्या वाटत नाहीत. पहिली पत्र लिहिते, प्लॅन आखते, दुसरी घुश्शात वाळवंटात जाऊन बसते. आपल्या कवितेत ही पहिलीची दुसरी कधी आणि कशी झाली? कुणी केली? मला तर वाटतं पुरुष कीर्तनकारांनीच तिला 'रुसकी बायको' करून टाकली असणार. जाणकारांनी प्रकाश टाका.

वऱ्हाडी_ठेचा

पह्यले तं एक सांगतो, रुक्मिनी आमची हाये. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर, तेच तिचं माहेर. ज्या अंबेच्या देवळातून देवानं तिले पळवलं ते अमरावतीचं अंबादेवीचं देऊळ, कोनालेही विचारा. आनं आषाढीले कौंडण्यपुरातून रुक्मिनीमातेची पालखी निंगते पंढरपूरले, चारशे वर्षांच्या वर झाले म्हनतेत. बाकीच्या पालख्या संतांच्या, आमची पोरीच्या माहेरची. ते रुसली तं आमालेच वाईट वाटते ना बाप्पा.

पोथीवाले_काका

चांगला विषय काढलास. थोडं मागून येतो.

मूळ भागवताच्या दशम स्कंधात, अध्याय ५२ ते ५४. पत्र सात श्लोकांचं आहे, 'श्रुत्वा गुणान् भुवनसुन्दर' पासून. ते नीट वाचलंस तर तुझ्या लक्षात येईल की त्यात प्रेम आहेच पण नियोजनही आहे. उद्या लग्न आहे, तू गुपचूप ये, अंतःपुरात शिरलास तर माझे नातेवाईक मारावे लागतील म्हणून तसं नको, आमच्या कुळात आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर देवीला जाते, तिथे गाठ. काळ, जागा, रीत, सगळं तिनेच ठरवलेलं, कृष्णाने फक्त रथ आणायचा.

मराठीत हिला पहिल्यांदा गायलं ते एका बाईने, महदंबेने (महदाइसा म्हणतात ती हीच). महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, त्यांना एकदा लहर आली की आपलं लग्न करावं. सगळे लागले तयारीला, आणि लग्न म्हटलं की गाणी हवीत, तर महदाइसेने तिथल्या तिथे धवळे रचून म्हटले, रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे. धवळे म्हणजे वरासाठी म्हणायची लग्नगीतं. साल साधारण १२८७, ठिकाण रिद्धपूर. आद्य मराठी कवयित्री म्हणतात तिला. चक्रधरस्वामी तिला चर्चक म्हणत, सतत प्रश्न विचारायची म्हणून. मला नेहमी वाटतं की प्रश्न विचारणाऱ्या बाईला पत्र लिहिणारी नायिका सुचावी यात नवल ते काय.

वऱ्हाडी_ठेचा

रिद्धपूर बी अमरावती जिल्ह्यातच हाये, मोर्शी तालुका. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं. फक्त नोंद करून ठेवतो 😌

पोथीवाले_काका

हो रे बाबा, नोंद झाली.

पुढे नरेंद्र कवी. हाही महानुभावांचाच म्हणायचा, ग्रंथ पंथात येण्याआधी लिहिला. त्याचं रुक्मिणीस्वयंवर रामदेवराव यादवाच्या दरबारात वाचलं गेलं, राजाला इतकं आवडलं की म्हणाला ओवीमागे सोन्याचा टका देतो, ग्रंथावर माझं नाव घाल. नरेंद्राने नाही म्हटलं, आमच्या कविकुळाला बोल लागेल म्हणून. परंपरा अशी की ग्रंथ राजाकडेच राहिला आणि भावांनी मिळून रातोरात जेवढा उतरवता आला तेवढाच आपल्यापर्यंत पोचला. अर्धवट आहे पण विरहाची वर्णनं अशी आहेत की काय सांगू, चंदन अंगाला पोळतंय, चांदणं पोळतंय.

आणि मग नाथ, शके १४९३ म्हणजे १५७१, काशीत बसून लिहिलं. नाथांनी दोन कामं एकदम केली. एकीकडे जीव-शिवाचं ऐक्य, भीमकी (भीमकाची मुलगी म्हणून रुक्मिणीला भीमकी म्हणतात ते) म्हणजे जीव, कृष्ण म्हणजे परमात्मा. आणि दुसरीकडे अस्सल मराठी लग्न, हळद काय, तेलवण काय, विहिणींचा मानपान काय. द्वारकेत असं लग्न लागलं असेल का, तर नाही, पैठणात लागत होतं.

उगाच_एक_शंका

काका माहिती छान पण एक शंका. भागवतात स्वयंवर झालेलंच नाही. भावाने शिशुपालाशी ठरवलं होतं, मुलीला कुणी माळ हातात देऊन उभं केलं नव्हतं. मग नरेंद्र, नाथ सगळे 'स्वयंवर' का म्हणतात? ते तर सरळसरळ हरण आहे.

पोथीवाले_काका

शंका उगाच नाही, चांगली आहे. सामराज कवीने त्याच्या काव्याला रुक्मिणीहरणच म्हटलंय. पण मराठीत गाजलं ते स्वयंवर हेच नाव. खाडिलकरांनीसुद्धा १९१६ च्या नाटकाला 'स्वयंवर'च ठेवलं, बालगंधर्व रुक्मिणी आणि चाली भास्करबुवा बखल्यांच्या. माझ्या मते नाव अचूक आहे. सोहळा झाला नाही पण वर तिने स्वयं निवडला की नाही? हरण म्हटलं की कर्ता कृष्ण, स्वयंवर म्हटलं की कर्ती ती.

तिनसुकियाकर

नोकरीमुळे अकरा वर्षं अपर आसाममध्ये आहे, हा धागा बघून राहवलं नाही.

वऱ्हाडी दादा, राग मानू नका पण इथे लोक म्हणतात रुक्मिणी आमची 😄 सदियाजवळ कुंडिल नदी आहे, भीष्मकाचं कुंडिननगर तेच अशी समजूत. अरुणाचलमध्ये रोइंगजवळ भीष्मकनगरचे जुने अवशेष आहेत, तेही त्याच नावाने. इथले वैष्णव संत शंकरदेव (१४४९–१५६८), त्यांनी रुक्मिणीहरण काव्यही लिहिलं आणि अंकिया नाट म्हणजे एकांकी नाटकही, ब्रजावली या मिश्र काव्यभाषेत. आमच्या इथल्या नामघरात (प्रार्थनाघरात) त्याचा भाओना म्हणजे प्रयोग झाला तेव्हा रात्रभर बसून पाहिला, अर्धंच कळलं पण गोष्ट माहीत असल्याने अडलं नाही. मजा म्हणजे पत्र घेऊन जाणारा ब्राह्मण इथे वेदनिधी. आपल्याकडे नाथांच्यात बहुतेक सुदेव आहे ना?

अजून एक. अरुणाचलमधल्या इदू मिश्मी जमातीच्या लोकांची केस कापायची एक खास पद्धत आहे, कपाळावर सरळ झालर, त्यावरून असमियात त्यांना चुलीकाटा म्हणायचे. त्याची एक गोष्ट सांगतात की रुक्मिणी त्यांची, कृष्ण तिला न्यायला आला तेव्हा ते आडवे आले म्हणून शिक्षा म्हणून केस कापायला लावले. ही गोष्ट सगळे इदू मानतात असंही नाही, बाहेरून चिकटवलेली आहे म्हणणारे पण आहेत.

पोथीवाले_काका

हो, सुदेवच. भागवतात त्याला नावच नाही, नुसता द्विज. तेलुगूत पोतना कवीने त्याला अग्निद्योतन केलंय. म्हणजे ज्या गावात गोष्ट गेली तिथे त्या बिचाऱ्याचं नव्याने बारसं.

पण तुमच्या केसांच्या गोष्टीने मी उडालो. भागवतात तिचा भाऊ रुक्मी पाठलाग करतो, हरतो, बहिणीने पाया पडून गयावया केली म्हणून कृष्ण त्याला मारत नाही, पण तलवारीने त्याचे केस आणि दाढीमिश्या भादरून विद्रूप करतो. बलराम त्यावर कृष्णालाच झापतो. तो अर्धवट भादरलेला मेहुणा तिकडे जाऊन अख्ख्या जमातीच्या केसांची गोष्ट झाला की काय!

वऱ्हाडी_ठेचा

तिनसुकियाकर भाऊ, येक पोरगी दोन माहेरं, चालते. दिवाळीले दोन्हीकडून साडी भेटन तिले.

कॅल्गरीची_काकू

मस्त धागा!! पण मूळ प्रश्न राहिला ना बाजूला, ती रुसली कधी? इथे आमच्या मंडळात आषाढीला आम्ही विठ्ठल-रखुमाई शेजारी शेजारी ठेवतो, एकाच पाटावर, मूर्तीच तशा मिळतात. सगळीकडच्या देवळात पण जोडीनेच असतात. मग खुद्द पंढरपुरातच वेगळी कशी?

उगाच_एक_शंका

कारण रुक्मिणी आणि रखुमाई मुळात एकच होत्या कशावरून? रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' वाचा. विठोबा गवळी-धनगरांचा देव, धनगरी ओव्यांत त्याची बायको पदुबाई आहे, पट्टणकोडोलीला तर विठ्ठल धनगरांच्या बिरदेवाच्या बरोबरीने बसलाय. पुढे तो कृष्ण ठरला, मग त्याच्या देवीला रुक्मिणी ठरवणं आलंच. आधी देवळं वेगळी होती, मग ती वेगळी का ते सांगायला रुसव्याची गोष्ट रचली. प्रश्न मिटला.

जाते_आणि_मी

मिटला कसला, आता तर सुरू झालाय.

शंकासाहेब तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे पण 'देवळं वेगळी म्हणून गोष्ट रचली' एवढ्यावर थांबलात तर ती गोष्ट हजारो बायका पहाटे चार वाजता दळताना का म्हणत होत्या याचं उत्तर मिळत नाही. कारण सांगायला एक कडवं पुरलं असतं. इथे तर ढीग आहे.

मी काही अभ्यासक नाही, पण आमच्या घरात आजी आणि चुलत आज्या जात्यावर म्हणायच्या त्या ऐकून मोठी झाले आणि मग हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या ओव्या वाचल्या, एक लाखाच्या वर आहेत, हजाराहून जास्त गावांतल्या, आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर बऱ्याच ऐकायलाही मिळतात. त्यातली रुखमीण बघा. (रुक्मिणी नाही, रुखमीण. भीमकी तर कुणीच म्हणत नाही.) तिला तुळस सवत वाटते, कारण गळ्यात सारखी तीच. तिला जनी (संत जनाबाई) खुपते. ती तोंडावर विचारते, ही जनी तुमची कोण लागते, आणि विठू सांगतो अगं पाखरू आहे, वस्तीला आलंय. हे उत्तर कुठल्या नवऱ्याने कुठल्या बायकोला दिलेलं नाही ते सांगा! आणि रुखमिणीला ते पटत नाही हेही गाणारीला माहीत आहे. जनीच्या गोष्टीत तर देव शेला विसरून तिची वाकळ पांघरून येतो, पदक तिच्याकडे सापडतं, तिला सुळावर द्यायला नेतात आणि सुळाचं पाणी होतं. कीर्तनात ही भक्तीची गोष्ट. जात्यावर ह्याच गोष्टीत घरी थांबलेली बायको पण दिसते, नवरा सकाळी दुसरीची वाकळ पांघरून आला म्हणून बघत बसलेली.

म्हणून अर्धा_कप, तुझा तो 'पुरुष कीर्तनकारांनी रुसकी केली' हा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. तिला जात्यावर रुसवलं ते बायकांनी. नाथांची भीमकी लग्न लागलं की संपते, जीव-शिव एक झाले, विषय खलास. पण जातं ओढणारीला माहीत होतं की खरी गोष्ट लग्नानंतर सुरू होते. आणि तिला स्वतःला रुसून कुठे जायची सोय नव्हती, माहेर लांब, गेली तर भाऊ काय म्हणेल. तिने रुखमिणीला पाठवलं.

अर्धा_कप

ओके. मुद्दा मागे घेते. अंगावर काटा आला वाचून.

पण तरी, रुसणं हे शेवटी हक्क नसलेल्या माणसाचं हत्यार नाही का? पत्र लिहिणारीच्या मानाने खालचंच?

पोथीवाले_काका

थांब, तुला गंमत सांगतो. पुन्हा दशम स्कंध, अध्याय ६०. लग्न होऊन बरेच दिवस झालेत, रुक्मिणी पंख्याने वारा घालतेय आणि कृष्णाला चेष्टेची लहर येते. म्हणतो, एवढे राजे सोडून तू माझ्याशी का लग्न केलंस, मी जरासंधाला भिऊन समुद्रात घर बांधलेला, निष्कांचन, आम्हाला काही बायकापोरांची ओढ नाही, अजूनही वेळ गेली नाही, चांगला क्षत्रिय बघ. ती हे खरं समजते आणि बेशुद्ध पडते. तो धावत येऊन तिला उचलतो, केस सावरतो, आणि काय सांगतो? की मला तुझा रागावलेला चेहरा बघायचा होता, ओठ थरथरताहेत, भुवया चढल्यात, असा. संसारात तेवढंच तर सुख असतं म्हणतो!

म्हणजे संस्कृतात देवाला तिचा राग बघायचा होता आणि ती बिचारी मूर्च्छा येऊन पडली. तिथे सत्यभामा चिडते, रुक्मिणी चिडत नाही. तिला खरोखर चिडायला लावलं ते आपल्याकडेच.

जाते_आणि_मी

काका!!! हे मला माहीतच नव्हतं. साष्टांग.

आणि बघा ना, रुसल्याचा परिणाम काय झाला. पत्र लिहिलं तेव्हा तो द्वारकेहून विदर्भात आला. रुसली तेव्हा द्वारकेहून भीमेच्या काठी आला. दोन्ही वेळेला तोच आला. आणि दुसऱ्यांदा तर परत गेलाच नाही, मग ते खालचं हत्यार कसं?

उगाच_एक_शंका

परत गेला नाही तो पुंडलिकामुळे, हिच्यामुळे नाही. वीट.

कॅल्गरीची_काकू

अहो पण आलाच कशाला होता 🙂

वऱ्हाडी_ठेचा

शंका भाऊले उत्तर भेटलं.

तिनसुकियाकर

शंकरदेवांकडे राधा जवळपास नाहीच, त्यांच्या पंथात तिला जागाच नाही. त्यामुळे तिकडची रुक्मिणी रुसायला कारणच नाही. आपल्याकडे आरतीतच 'राही रखुमाबाई राणीया सकळा' आहे, राही म्हणजे राधा. म्हणजे ज्या आरतीने हिला डावीकडे उभं केलं त्याच आरतीत सवतीचं नाव हिच्या आधी घेतात. रुसणार नाही तर काय!

जाते_आणि_मी

अरे देवा. आयुष्यभर म्हणतेय ही आरती, लक्षातच आलं नाही. यावर आत्ताच एक जुळवली, जुनी नाही हां, माझीच, उगाच कुणी संग्रहात घालू नका:

राहीचं काय बाई, जनीचं काय बाई
रुसल्याबिगर त्याला वाट दिसायाची न्हाई

पोथीवाले_काका

वा. जातं फिरलं.

या चर्चेत एक नाव यायलाच हवं, अरुण कोलटकरांची 'वामांगी' ही कविता, 'चिरीमिरी' या संग्रहात आहे. आरतीतला तो एकच शब्द उचललाय आणि त्यावर अख्खी कविता उभी केलीय, त्यात रखुमाई स्वतः बोलते. इथे उद्धृत करत नाही, मिळवून वाचा. महदंबेपासून सातशे वर्षं झाली, पण तिच्या शेजारची जागा मोकळी आहे की भरलेली हे मराठी कवी अजून तपासून बघतायत.

उगाच_एक_शंका

कोलटकर वाचलेत. ती कविता वाचून मी पंढरपूरला गेलो होतो, एवढं कबूल करतो. आधी तिच्या देवळात गेलो, मग त्याच्या. गर्दी तिच्याकडे कमी होती.

अर्धा_कप

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. अपडेट देते.

काल रात्री आईला फोनवर तो साठाव्या अध्यायाचा किस्सा सांगितला, की देवाने चेष्टा केली आणि रुक्मिणी बेशुद्ध पडली. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, पडली कशाला, सरळ उठून माहेरी जायचं चार दिवस. मी म्हटलं कुठलं माहेर आई, भावाला तर अर्धा भादरून पाठवलेला. तर म्हणाली, हो गं, म्हणूनच मग दिंडीरवन.

मी हे तिला सांगितलेलं नव्हतं हां. धागा तिने वाचलेला नाही. तिचं तिनेच जोडलं.

मग विचारलं, पारायण कुठपर्यंत आलं. म्हटलं चौदावा प्रसंग चालू आहे. तर म्हणे लवकर संपव, रविवारी एक जण बघायला येणार आहेत. म्हटलं येऊ देत, मी त्या दिवशी देवीला जाऊन येते.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, अमरावतीले या. रथाची सोय नाही, ऑटो हाये.